दप्तरात मावणारं घड्याळ: आमच्या वर्गासाठी चेस क्लॉक शोधलं त्याची सगळी हकिकत

साताऱ्याच्या एका शालेय बुद्धिबळ स्पर्धेत माझी भाची, आठवीत आहे, चौथ्या फेरीत अख्खा हत्ती आणि वर दोन प्यादी जास्त असताना टाइमवर, म्हणजे घड्याळातला वेळ संपला म्हणून, हरली. समोरच्या मुलाकडे चार मिनिटं शिल्लक होती आणि हिच्याकडे शून्य. डाव बघायला मी भिंतीजवळ उभा होतो, बोलता येत नाही तिथं, म्हणून नुसता बघत राहिलो. ती चाल करायची, हात मागं घ्यायची आणि समोरचा काय खेळतोय याची वाट बघत पटाकडं बघत बसायची, आणि तिकडं तिचंच घड्याळ पळत होतं कारण चाल झाली की ते दाबायचं असतं, तेव्हाच आपला वेळ थांबून समोरच्याचा सुरू होतो, आणि तिनं ते दाबलेलंच नव्हतं. एकदा नाही, तीन-चार वेळा झालं असं. समोरचा मुलगा गप्प बसला, आणि त्यात त्याचं काही चुकलं नाही, समोरच्याला आठवण करून द्यायची असा काही नियम नाही. पंच आले, शून्य बघितलं, निकाल लिहिला. वाईच्या एसटीत बसल्यावर बराच वेळ ती काही बोलली नाही, मग पाचवडच्या आसपास म्हणाली, मामा, मला डाव येत होता रे, घड्याळ येत नव्हतं.

खरंच होतं ते. आमचा वर्ग म्हणजे दर रविवारी सकाळी ९ ते ११, एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये, चौदा मुलं आणि सात पट, आणि घड्याळ एकही नाही. ओपनिंग शिकवल्या, हत्तीचे एंडिंग शिकवले, काटा, म्हणजे एका चालीत दोन सोंगट्यांवर हल्ला, कसा मारायचा ते शिकवलं, पण चाल झाली की त्याच हातानं घड्याळ दाबायचं ही साधी सवय कुणाच्या अंगात नव्हती कारण दाबायला घड्याळच नव्हतं. स्पर्धेत मुलं पहिल्यांदा घड्याळ बघायची. पोहायला शिकवायचं आणि विहिरीवर न्यायचंच नाही, तसलं काम झालं होतं.

मग शोध सुरू झाला. वहीत मी पहिल्या दिवशी दोनच गोष्टी लिहिल्या होत्या, लहान पाहिजे आणि स्वस्त पाहिजे. लहान का, तर वर्गाला स्वतःचं कपाट नाही, हॉल दुसऱ्या कार्यक्रमांना पण देतात, म्हणजे सामान दर रविवारी घरून आणायचं आणि परत न्यायचं, आणि स्पर्धेला जाताना मुलांच्या दप्तरातनं. वाई ते सातारा, कधी कराड, कधी पुणे, सगळं एसटीनं. पट गुंडाळीचे आहेत, सोंगट्या पिशवीत, त्यामुळं घड्याळ पण तसंच पिशवीत टाकण्यासारखं असावं एवढंच डोक्यात होतं. पुढं दोन महिन्यांत ती वही पार बदलली.

सगळ्यात आधी मोबाईल, सगळे तेच करतात. फुकट ॲप आहेत, स्क्रीनचे दोन भाग होतात, आपला भाग दाबला की समोरच्याचा वेळ चालू होतो, दर चालीला बोनस सेकंद पण लावता येतात. दोन रविवार चाललं. पहिल्या रविवारी एका डावाच्या ऐन शेवटी माझ्या फोनवर कॉल आला आणि ॲप मागं गेलं, वेळ कुणाचा किती होता यावरून दोन मुलांचं भांडण. दुसऱ्या रविवारी एकाच्या बोटाला घाम, स्क्रीन घेईचना, तो तीन-तीनदा आपटतोय. पण हे किरकोळ होतं, कॉल बंद करता येतो, स्क्रीन पुसता येते. खरी अडचण माझ्या जरा उशिरा लक्षात आली. स्पर्धेच्या हॉलमध्ये फोन जवळ ठेवायलाच बंदी असते, फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या, नियमात ते स्पष्ट आहे, आणि आम्ही मुलांना काय शिकवत होतो तर पटाशेजारी फोन ठेवून खेळायला! शिवाय सपाट काचेवर बोट ठेवणं आणि खरी पट्टी खाली दाबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खऱ्या घड्याळाची पट्टी एका बाजूला खाली जाते, दुसऱ्या बाजूला वर येते, नुसत्या डोळ्याच्या कोपऱ्यातनं कळतं की चाल कुणाची आहे. भाचीला हरवलं ते नेमकं याच गोष्टीनं, आणि ती फोनवर शिकताच येत नाही. चौदातल्या निम्म्या घरांत मुलाला रविवारी फोन देत नाहीत हे वेगळंच, आणि ते मला पटतं.

मग आमच्या गल्लीतल्या निवृत्त गुरुजींनी त्यांचं जुनं घड्याळ काढून दिलं. लाकडी पेटी, दोन तबकड्या, वर पितळी दोन बटणं, मागं चावी द्यायची दोन भोकं. गुरुजींनी ते जुन्या पंच्याच्या मऊ कापडात गुंडाळून ठेवलेलं होतं. मुलांना ते फार आवडलं, मला पण. १५ मिनिटांचा डाव असेल तर मिनिटकाटा ९ वर लावायचा, म्हणजे वेळ १२ ला संपतो. काटा १२ च्या जवळ यायला लागला की एक छोटी लाल पट्टी त्याच्या टोकावर अडकून हळूहळू आडवी होते, आणि काटा पुढं सरकला की टपकन खाली पडते. फ्लॅग पडला म्हणतात तो हाच फ्लॅग, आता डिजिटलवर नुसता शून्य येतो तरी शब्द तोच राहिलाय. दोन्ही बटणं मधोमध समान ठेवली की दोन्ही घड्याळं थांबतात. या पेटीत गंमत अशी आहे की मूळ कल्पना १८८३ पासून तीच आहे, त्या वर्षी लंडनच्या मोठ्या स्पर्धेत पहिल्यांदा अशी जोडघड्याळं वापरली, एक चालू झालं की दुसरं थांबणार. त्याच्या आधी वाळूची घड्याळं लावायचे, आणि त्याच्याही आधी तर वेळेचं बंधनच नव्हतं, एकेका चालीला माणसं तासभर बसायची.

पण गुरुजींचं घड्याळ स्पर्धेच्या सरावाला चालेना. एक तर शेवटच्या मिनिटात नेमके किती सेकंद राहिलेत ते काट्यावरून कळत नाही, मुलं अंदाजानं घाबरायची. जड आहे, काच आहे, दप्तरात घालायची हिंमत होत नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे त्यात इन्क्रीमेंट नाही, असूच शकत नाही.

हे इन्क्रीमेंट प्रकरण जरा सांगतो, कारण घड्याळ घेताना लोक हेच बघायचं विसरतात. प्रत्येक चालीला घड्याळ थोडे सेकंद परत देतं, १५+१० म्हणजे सुरुवातीला १५ मिनिटं आणि दर चालीला १० सेकंद वर. डाव ४० चालींचा झाला तर ४०० सेकंद जास्त मिळाले, म्हणजे एकूण २१ मिनिटं ४० सेकंद. ही कल्पना अमेरिकेचे माजी जगज्जेते बॉबी फिशर यांची, त्यांनी १९८८ मध्ये पेटंटचा अर्ज केला, आणि १९९२ मध्ये जुने प्रतिस्पर्धी बोरिस स्पास्की यांच्याबरोबरची दुसरी मॅच अशाच घड्याळावर खेळले. माझ्या मते बुद्धिबळाच्या घड्याळात गेल्या शंभर वर्षांत झालेली सगळ्यात न्यायाची सुधारणा ही आहे. जिंकलेला डाव नुसता हात हळू चालतो म्हणून कुणी हरू नये. आता जागतिक रॅपिड स्पर्धा १५+१० वर आणि ब्लिट्झ ३+२ वर खेळतात, आपल्याकडं जिल्ह्याच्या स्पर्धांत पण हळूहळू तेच येतंय. अजून एक, पालक नेहमी विचारतात म्हणून सांगतो, नुसत्या १० मिनिटांचा डाव रॅपिड नाही, ब्लिट्झ आहे. ६० चालींचे बोनस धरून एकूण वेळ मोजायचा, १० मिनिटांपर्यंत ब्लिट्झ, त्याच्या वर आणि तासाच्या आत रॅपिड. म्हणून १०+५ रॅपिडमध्ये जातं, कारण ६० चालींचे ५-५ सेकंद म्हणजे ५ मिनिटं, आणि १० आणि ५ असे १५ होतात.

तर आता वहीत तिसरी ओळ आली, इन्क्रीमेंट पाहिजेच. आणि तरी मी पुढची चूक केलीच. ऑनलाइन सगळ्यात स्वस्त जे दिसलं ते मागवलं, फोटो छान, किंमत सातशेच्या आत, वर्णनात डिजिटल, प्रोफेशनल, सगळं लिहिलेलं. आलं तेव्हा कळलं की ते साधं उलटं मोजणारं घड्याळ आहे, बोनस नाहीच. बटणाएवढे चपटे सेल, आमच्याकडं ते घड्याळजीकडेच मिळतात आणि रविवारी तो बंद. वर दोन रबरी बटणं, पट्टी नाही, त्यामुळं चाल कुणाची ते बघायला आकड्यांकडं टक लावायला लागतं. कागदावर सूचना इंग्रजी आणि चिनीत, आणि वेळ लावायला एकच बटण कधी धरून ठेवायचं कधी सोडायचं. परत करायला गेलो तर मुदत संपलेली. विकणाऱ्याचं नाव घेत नाही, पण वर्णनात बोनस किंवा इन्क्रीमेंट हा शब्द स्पष्ट लिहिलेला नसेल तर ते त्यात नाही असंच धरून चालावं.

यानंतर एका ओळखीच्या पालकांनी त्यांच्या मुलाचं दुमडतं घड्याळ वापरून बघायला दिलं. पुस्तकासारखं मिटतं, खरंच खिशात मावतं, बोनस पण आहे. मला वाटलं झालं काम, हेच ते. रविवारी भाचीला आणि तिच्याच वयाच्या एका मुलाला ५+३ वर बसवलं. पहिली तीन मिनिटं सगळं बरोबर. मग वेळ कमी व्हायला लागला तसे हात जोरात पडायला लागले आणि घड्याळ टेबलावरनं सरकायला लागलं, प्रत्येक दाबाला बोटभर, शेवटी ते पटाच्या कोपऱ्याला टेकलं, पुढच्या दाबाला आडवं झालं आणि काळ्याचा उंट आणि दोन प्यादी पाडली. आता नियम असा आहे की घड्याळ आपटायचं नाही, उचलायचं नाही, पाडायचं नाही, मुलांना ते शिकवलं पाहिजेच. पण वजनच नसलेली वस्तू पोरांच्या हाताखाली ठेवायची आणि हळू दाब म्हणायचं हे मला योग्य वाटलं नाही. आकडे पण बारीक, आमच्या हॉलमध्ये एकच ट्यूब आहे, पलीकडच्या बाजूच्या मुलाला वाकून बघायला लागायचं. प्रवासात दोन मित्र शांतपणे खेळणार असतील तर ते घड्याळ चांगलंच आहे, वर्गाला नाही.

त्या दिवशी घरी येऊन मी वहीतली पहिली ओळ खोडली. लहान पाहिजे हे चुकीचं होतं. पोर्टेबल म्हणजे खिशात मावणारं असं मी धरून चाललो होतो, पण आमची गरज वेगळी होती. ते दप्तरात बाकीच्या वह्यापुस्तकांबरोबर धक्के खात जाईल, तिकडं पोचल्यावर मुलगी स्वतः ते बाहेर काढेल, मामाला न विचारता वेळ लावेल, आणि सेल संपले तर स्टँडवरच्या टपरीवर मिळतील, असं घड्याळ पाहिजे होतं. आकारानं ते डब्याएवढं असलं तरी चालेल.

मग एका शनिवारी भाचीला घेऊनच पुण्याला गेलो. मुद्दाम तिला नेलं, कारण वापरणार ती. मोठ्या स्पर्धांत दिसतं ते डीजीटी ३०००, नेदरलँड्सच्या कंपनीचं, दुकानात होतं. हातात घेतल्यावर कळतं ते का वापरतात, पट्टी भक्कम, आकडे मोठे, फिडेच्या स्पर्धांना चालतं. पण पाच हजारांच्या वर, आणि आमच्या वर्गणीत ते बसणार नव्हतं. दुकानदार चांगला होता, त्यानं खालच्या किमतीतली तीन काढून टेबलावर ठेवली. मी सेल घरूनच नेले होते, पेन्सिल सेल, दोन. हे प्रत्येकानं करावं, सेल घालून चालू करून बघितल्याशिवाय घड्याळ घेऊ नये.

भाचीला म्हणलं, मी काही सांगणार नाही, १५+१० लाव. पहिल्या घड्याळावर तिनं पाच मिनिटं घालवली आणि सोडून दिलं. दुसऱ्यावर लागलं, पण बोनस एकाच बाजूला लागला होता, आणि ते तिच्या लक्षात आलं पट्टी चार वेळा दाबल्यावर. तिसऱ्याच्या पोटाला वेगवेगळ्या टाइम कंट्रोलची, म्हणजे १५+१० सारख्या वेळांची, क्रमांकासह यादी छापलेली होती, नंबर निवडायचा आणि झालं, आणि नको असेल तर हातानं पण लावता येतं. तिनं ते दीड मिनिटात लावलं. मग मी पट्टी दाबत गेलो आणि ती मोठ्यानं आकडे वाचत गेली, १५:०७, १५:१४, १५:२१. दर दाबाला १० सेकंद वर आणि विचारात ३ गेले, बरोबर ७ वाढतायत. अशी बेरीज करून बघायला एक मिनिट लागतं आणि सगळी शंका फिटते. पॉझचं बटण मधोमध, मोठं. चालू-बंदचा खटका खाली, खोबणीत बसवलेला, म्हणजे दप्तरात कंपासपेटी घासली तरी आपोआप चालू होणार नाही. टेबलावर ठेवून मी जरा जोरातच दाबून बघितलं, खाली रबराचे चार पाय होते, जागचं हललं नाही. भाची म्हणाली, मामा हेच. साडेसतराशेला एक घेतलं. दुकानदार म्हणाला सहा घेतले तर कमी करतो, पण मी एकच घेतलं, आधी दोन महिने एसटीतनं फिरू दे म्हणलं.

दोन महिने फिरलं ते, खंबाटकी घाटातनं तीन वेळा. भाचीच्या आजीनं त्याला जुन्या स्वेटरच्या बाहीची पिशवी शिवून दिली, तोंडाशी ओढून बांधायची. दर प्रवासानंतर आम्ही त्याच्या दोन्ही बाजू एका मनगटी घड्याळाशेजारी दहा मिनिटं लावून बघितल्या, फरक दिसला नाही. मग उन्हाळ्याच्या आधी वर्गणी काढून अजून तीन घेतली. आता सात पटांना चार घड्याळं, आळीपाळीनं चालतं.

घड्याळ आल्यावर शिकवणं पण बदलायला लागलं. पहिले तीन रविवार आम्ही डाव असा खेळलोच नाही. नुसतं चाल आणि दाब, त्याच हातानं, उजव्यानं प्यादं सरकवून डाव्यानं घड्याळ दाबलं की चाल मागं आणि परत कर. डावखुऱ्या मुलांना घड्याळ कुठल्या बाजूला यावरून फरक पडतो, स्पर्धेत ती जागा पंच ठरवतात, म्हणून दोन्ही बाजूंना ठेवून सराव घेतला. मग पॉझ. समोरच्यानं नियमबाह्य चाल केली तर घड्याळ थांबवायचं, हात वर करायचा, पंचांना बोलवायचं, समोरच्याशी वाद घालायचा नाही. हे मुलांना सगळ्यात अवघड गेलं, घड्याळ थांबवणं म्हणजे काहीतरी चूक केल्यासारखं वाटतं त्यांना. आणि एक गोष्ट सगळ्यांना पाठ केली, वेळ संपला तरी समोरच्याकडं मात करण्याइतकं काहीच नसेल, नुसता राजा उरला असेल, तर डाव हरत नाही, बरोबरी होते.

मधेच एक जास्तीचा उपयोग निघाला. वाचनालयात संध्याकाळी मोठ्यांचा स्क्रॅबलचा ग्रुप बसतो, त्यांनी एक घड्याळ मागून घेतलं. स्क्रॅबलला स्पर्धेत प्रत्येकी २५ मिनिटं असतात आणि वेळ संपला म्हणून डाव थांबत नाही, वर गेलेल्या मिनिटाला १० गुण कापतात. म्हणजे शून्यावर न थांबता पुढं उणे मोजणारं घड्याळ लागतं. आमच्या घड्याळाच्या यादीत तसा पर्याय निघाला. तुमच्याकडं बुद्धिबळ सोडून दुसरे खेळ पण होत असतील तर घेताना हे नक्की बघा.

२८ जुलै २०२५ ला नागपूरच्या दिव्या देशमुखनं जॉर्जियातल्या बटुमीत कोनेरू हंपींना रॅपिड टायब्रेकमध्ये, म्हणजे बरोबरी फोडायला खेळतात त्या जलद डावांत, हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि ग्रँडमास्टर झाली, तो डाव आम्ही वर्गातल्या मुलांना मोठ्या स्क्रीनवर दाखवला. शेवटी शेवटी हंपींवर वेळेचं दडपण यायला लागलं तेव्हा आमची पोरं पटाकडं कमी आणि कोपऱ्यातल्या आकड्यांकडं जास्त बघत होती. वर्षापूर्वी त्यांना ते आकडे दिसले पण नसते.

त्यानंतर कराडच्या स्पर्धेत दुसऱ्या फेरीला भाची काळ्या सोंगट्या घेऊन बसली होती. टाइम कंट्रोल १५+१० जाहीर झाला होता, घड्याळ आयोजकांचं. पहिल्या दोन-दोन चाली पटापट झाल्या, पाठ असलेलं ओपनिंग होतं. तिनं दुसऱ्यांदा पट्टी दाबली आणि आकड्याकडं बघितलं, १४:५१. मी पुन्हा तसाच भिंतीजवळ उभा होतो, मला तिथनं आकडा दिसत नव्हता, नुसतं तिचं कपाळ दिसत होतं. तिनं मधलं बटण दाबून घड्याळ थांबवलं आणि हात वर केला. पंच आल्यावर म्हणाली, सर, बोनस येत नाहीये, आता १५ च्या वर पाहिजे होतं. पंचांनी तपासलं, खरंच इन्क्रीमेंट लावायचं राहिलं होतं, त्यांनी ते लावलं, दोघांना झालेल्या चालींचे सेकंद वाढवून दिले आणि शेजारच्या दोन पटांवरची घड्याळं पण बघून घेतली, त्यातलं एक तसंच निघालं. डाव ६२ चालींपर्यंत गेला आणि बरोबरीत सुटला. शेवटी तिच्या घड्याळात ४० सेकंद होते.